गुलाबी पाण्यातली खपली

मी ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. लोक मला रक्तवाली बाई म्हणतात. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या या जंगलपट्ट्यात गेली सतरा वर्षं मी माणसांच्या बोटांना सुई टोचते, काचपट्टीवर थेंब पसरवते आणि मलेरिया आहे की नाही ते सांगते. शिवाय सिकलसेल, बेडका, लघवी, साखर. माणूस माझ्यासमोर पाच मिनिटं असतो, त्याचा थेंब मात्र बराच वेळ. त्यामुळे चेहरे माझ्या फारसे लक्षात राहत नाहीत. एक राहिला आहे.

तो मार्च महिना होता. मोहफुलं पडायला लागली होती, म्हणजे सकाळची ओपीडी रिकामी असायचे दिवस. गावंच्या गावं पहाटेपासून टोपल्या घेऊन जंगलात असतात, दुखणंखुपणं दुपारनंतर आठवतं. त्या सोमवारी मात्र साडेनऊलाच दोघी मायलेकी आल्या. आई साठीच्या आसपासची, किडकिडीत, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तिच्या तोंडावर देवीचे वण. असे चेहरे मी लहानपणी मूल तालुक्यातल्या आमच्या गावात पुष्कळ पाहिले होते, आता क्वचित दिसतात. लेक बावीस वर्षांची, सात महिन्यांची गरोदर. डोक्यावरून शाल घेतलेली, आणि शालीच्या आत अंगभर फोड.

पोरगी नवऱ्याबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेली होती. पोट जड झालं म्हणून आठ दिवसांपूर्वी एकटीच माहेरी परत आली. नवरा तिकडेच राहिला होता, हंगाम संपायचा होता. तिला तीन दिवसांपासून ताप होता, दोन दिवसांपासून पुरळ.

आमचे डॉक्टर तेव्हा तिशीच्या आतले होते. मराठवाड्यातले, पहिलीच नेमणूक, आणि या जंगलात रुजू होऊन सात-आठ महिने झालेले. भले गृहस्थ. त्यांनी तिची मान चाचपली, गाठी लागल्या. हात उलटा करून पाहिला, डाव्या तळहातावर दोन फोड होते. ते तिथंच थांबले. त्यांच्या खोलीत भिंतीवर महिनाभरापासून एक परिपत्रक चिकटवलेलं होतं, मंकीपॉक्सचं. देवीच्याच कुळातला आजार, बाहेरच्या देशांतून आला आहे, संशयित रुग्ण दिसला तर ताबडतोब कळवा. त्यावर एका तळहाताचा फोटो होता.

डॉक्टरांनी जिल्ह्याला फोन लावला. बोलणं झाल्यावर मला म्हणाले, "मॅडम, सॅम्पल घ्यायचंय. पुण्याला, व्हायरसच्या लॅबला पाठवायचं. रिपोर्ट येईपर्यंत पेशंट आयसोलेशनमध्ये, नातेवाईक आत नको."

आमच्याकडे आयसोलेशन म्हणजे कोविडच्या वेळी केलेली टोकाची खोली. मधल्या काळात तिथं मच्छरदाण्यांचे गठ्ठे आणि मोडक्या खाटा ठेवल्या होत्या. त्या बाहेर काढल्या, फरशी पुसली आणि पोरीला आत नेलं. आई मागोमाग निघाली, तेव्हा दारात मीच आडवी उभी राहिले.

"हे देवी नोहोय, बाई," ती मला म्हणाली. आवाज चढवून नाही, समजावून सांगावं तसं. "देवी मले निंघाली होती. माह्या भावाले निंघाली होती. देवीचे फोड तोंडावर येते, हातापायावर येते. सारे एकदमच येते अन् एकदमच पिकते. हिचे पाहा, पोटावर आहेत, पाठीवर आहेत. काही पिकले, काही आत्ता निंघून राह्यले. हे कांजण्या होय."

"देवी आता दुनियेतच नाई, आई," मी म्हणाले. "हा तिच्यासारखा दुसरा आजार असू शकते. म्हून तपासाले पाठवून राह्यलो."

"मग तोवर मी बसतो न तिच्यापाशी."

"रिपोर्ट आल्यावर बसजा."

"मले काय होते? मले तं सारं होऊन गेलं. देवी झाली, मोठ्या पोराच्या संगं कांजण्या झाल्या. आता काय उरलं?"

मला थोडं हसू आलं. तसं मी मास्कच्या आत हसलेही. मग म्हणाले, "नियम आहे, आई." आणि दार लावून घेतलं.

सॅम्पल घ्यायला मी पूर्ण पोशाख चढवला. मार्चच्या दुपारी पत्र्याखाली तो प्लॅस्टिकचा पोशाख म्हणजे काय, ते ज्यांनी घातला त्यांनाच ठाऊक. डोळ्यांवर चष्मा, त्यावर वाफ. मला तशी पाहून पोरगी खाटेवर भिंतीकडे सरकली.

"भिऊ नको. मी रक्तवाली बाई आहो."

"तोंड दाखवा," ती म्हणाली.

"दाखवता येत नाई, बाळा."

मी तिला एकेक गोष्ट सांगत सांगत केली. आधी फोडाच्या भोवतीची जागा पुसायची. मग ब्लेडच्या टोकानं फोडाचं वरचं पातळ झाकण उचलायचं, आतलं पाणी काडीच्या कापसावर घ्यायचं. जुन्या फोडावर खपली धरली असेल तर ती चिमट्यानं काढून वेगळी ठेवायची. एक नमुना पाठीचा, एक हाताचा, एक पोटाचा. पोटावरची खपली काढताना माझ्या हाताखाली काहीतरी हललं. मी थांबले.

"लाथ मारते," ती म्हणाली. "मिरचीच्या वावरात तं उभंच राहू देत नोहोतं."

तिनं मला विचारलं, "कुठी नेता हे?"

"पुण्याले."

"मोटारीनं?"

"नागपूरपावेतो मोटारीनं. तिथून विमानानं."

तिला गंमत वाटली. "मी तं नागपूरबी नाई पाह्यलं," ती म्हणाली. आणि मग लगेच, "याया कुठी आहे?" याया म्हणजे आई, एवढी गोंडी मला येते. बाहेरच आहे, झाडाखाली बसली आहे, असं सांगितलं. तिनं येर मागितलं, पाणी. ग्लास तिच्या तोंडाला लावून मी पाणी पाजलं. निघताना तिनं माझ्या रबरी बोटांना धरून ठेवलं होतं, ती सोडवून घ्यावी लागली.

प्रयोगशाळेत येऊन मी नमुने ट्यूबमध्ये भरले. माझ्या उजव्या हाताच्या खणात कोविडच्या वेळच्या ट्यूब होत्या, आत गुलाबी पाणी असलेल्या. दोन वर्षं रोज घशातल्या आणि नाकातल्या काड्या मी त्याच ट्यूबमध्ये बुडवल्या होत्या. हात आपसूक त्या खणाकडे गेला. काड्या बुडवल्या, खपल्याही त्याच पाण्यात टाकल्या, झाकणं आवळली, नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. ट्यूबभोवती कापूस, त्यावर झाकणाचा डबा, तो बर्फाच्या पेटीत. परिपत्रकाची पहिली दोन पानं मी वाचली होती. रुग्ण कसा ओळखायचा, पोशाख कसा घालायचा. तिसरं पान नमुन्याच्या ट्यूबबद्दल होतं. त्यावर मी नजर फिरवली होती, वाचलं नव्हतं.

मंगळवारी उजाडताना आम्ही जीपनं निघालो, मी आणि ड्रायव्हरभाऊ. नमुना जबाबदार माणसाच्या हाती जावा आणि पोच घेऊन यावं, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. पेटी मी मांडीवर धरली होती. मूल, सिंदेवाही, नागभीड असा रस्ता. ड्रायव्हरभाऊ पन्नाशीचे, या रस्त्यानं त्यांनी अडलेल्या बाळंतिणी नेल्या आहेत, साप चावलेली माणसं नेली आहेत. त्यांनी दोनदा विचारलं, "झाकण पक्कं आहे न, बाई?"

"पक्कं आहे, भाऊ."

"माह्या घरी नातू आहे, म्हून म्हटलं."

अकराच्या सुमाराला नागपूरला पोचलो. जिथून नमुने पुढे पुण्याला जात, तिथं माझ्याच वयाचा एक तंत्रज्ञ होता. त्यानं पेटी उघडली, डबा उघडला आणि ट्यूब उजेडात धरली. गुलाबी पाण्यात त्या पोरीच्या पोटावरची खपली तरंगत होती.

"मॅडम, हे नाही घेता येणार," तो म्हणाला. "याला कोरडी ट्यूब लागते. खपली तर कोरडीच हवी. तिसऱ्या पानावर दिलंय."

मी म्हटलं, पाठवून तर पाहा. तो म्हणाला, तिकडून परत येईल, मग तुमचे आणखी तीन दिवस जातील. त्यानं आत जाऊन वरिष्ठांनाही विचारलं. चांगला माणूस होता, माझ्यासाठी पाणी घेऊन आला. शेवटी त्यानं मला मूठभर कोरड्या ट्यूब दिल्या आणि म्हणाला, "उद्या घेऊन या, मी स्वतः लावून देतो."

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "या परत."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. पोरीची आई रुग्णालयाच्या मागच्या बाजूला, टोकाच्या खोलीच्या खिडकीखाली बसली होती. खिडकीला जाळी आहे, आणि कोविडच्या वेळी काचा रंगवून टाकल्या होत्या. एका काचेचा कोपरा फुटलेला होता. तेवढ्या भोकातून ती आत बोलत होती, गोंडीत, हळू आवाजात. मला पाहून उठली.

"देऊन आल्या? रिपोर्ट कधी येईन?"

मला खरं सांगता आलं असतं. माझ्या हातून चुकलं, आई, उद्या पुन्हा घ्यावं लागेल. तेवढंच वाक्य होतं. मी म्हणाले, "पुण्यावाल्यांना आणखी एक सॅम्पल पाहिजे. उद्या घेतो. मग दोन दिवसांत येते."

"आणखी दोन दिवस?"

"हाव."

तिनं मान हलवली. पुण्यावाल्यांवर तिनं विश्वास ठेवला. माझ्यावरही.

बुधवारी सकाळी मी आत गेले तेव्हा पोरगी बसूनच होती. आडवं झालं की दम लागत होता. खोकला कोरडा, ओठ सुकलेले, मोजलं तर श्वास फार जलद. डॉक्टरांनी आदल्या दिवशीच शहरातून कांजण्यांवरची औषधं मागवून सुरू केली होती, ऑक्सिजन लावला होता. मला ते म्हणाले, "छातीत उतरलंय. गरोदर बाईला हे फार वाईट. जिल्ह्याला हलवतो. तुम्ही सॅम्पल घ्या आणि निघा."

या वेळी तिनं काही विचारलं नाही. मी ब्लेड लावलं तेव्हा तिनं अंग आकसलंही नाही. पाठीवरचे, हातावरचे, पोटावरचे नवे फोड निवडले, कोरड्या ट्यूबमध्ये काड्या आणि खपल्या भरल्या. प्रत्येक झाकण दोनदा पाहिलं. पोटावर हात ठेवला तेव्हा आतलं लेकरू हललं की नाही, ते मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं आहे.

बाहेर आले तर आई दारातच होती. शिपायानं तिला दोनदा मागं सारलं होतं, ती परत आली होती.

"मले तिचा दम ऐकू येते," ती म्हणाली. "मी फक्त डोक्यावर हात ठेवतो, बाई. काही हात लावत नाई दुसरीकडं."

"आता तिला मोठ्या दवाखान्यात नेऊन राह्यले, आई. तिथं बरं वाटन."

"माह्या भावाले देवी आली तं माय त्याले मांडीवर घेऊन बसली होती. पाच दिवस. मी बाजूलेच होती, मलेबी निंघाली होती. माय एका हातानं त्याले धरे अन् एका हातानं मले. तो गेला तं मांडीवरच गेला." तिनं बंद दाराकडे पाहिलं. "मायनं त्याले सोडलं नाई. तुमी मले काऊन सोडाले लावता?"

मी पेटी उचलली. म्हणाले, "परवापर्यंत रिपोर्ट येते, मग तुमी तिच्यापाशीच राहजा." आणि जीपमध्ये जाऊन बसले. जीप वळताना मागं पाहिलं. ती पुन्हा त्या फुटक्या काचेपाशी गेली होती.

नागपूरच्या त्या माणसानं शब्द पाळला. नमुने घेतले, कागद तपासले, पोच दिली. संध्याकाळच्या विमानानं जातील म्हणाला. परतीला मी उमरेडपर्यंत झोपले असेन, कारण मधलं काही आठवत नाही. नागभीडच्या पुढे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल सुरू होतं तिथं, डॉक्टरांचा फोन आला. दुपारी तीनला ती गेली होती. जिल्हा रुग्णालयात पोचून दोन तास झाले होते. बाळही पोटातच गेलं.

मी फोन मांडीवर ठेवला. ड्रायव्हरभाऊंनी आरशात माझ्याकडे पाहिलं, जीप बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"गेली काय?"

मी मान हलवली. ते खाली उतरले, रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले. मग परत येऊन म्हणाले, "तिची माय कुठी होती?"

मी डॉक्टरांना परत फोन केला आणि तेच विचारलं. आईला ॲम्ब्युलन्समध्ये बसू दिलं नव्हतं. ती एसटीनं मागून निघाली होती. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

रिपोर्ट यायचा होता, म्हणून प्रेतालाही तेच नियम लागले. गुरुवारी सकाळी तिला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गाडीनं गावी आणलं. खड्डा आरोग्य विभागाच्या माणसांनी आधीच खणून ठेवला होता. घरातल्या आणि शेजारच्या माणसांचा ताप तपासायला मला पाठवलं होतं, म्हणून मी तिथं होते. गाव लांब झाडांखाली उभं होतं. नवरा पहाटेच तेलंगणातून पोचला होता. हातावर अजून मिरचीचा लाल रंग होता, त्याच हातांनी तो डोळे पुसत होता आणि डोळे आणखी चुरचुरत होते.

आईनं एका वाटीत हळद आणि तेल कालवून आणलं होतं. लेकीला न्हाऊ घालायचं होतं, हळद लावायची होती. आमच्या पर्यवेक्षकांनी सांगितलं, वीस पावलांवरून पाहता येईल. ती वीस पावलांवर उभी राहिली. प्लॅस्टिकमधून काही दिसत नव्हतं, पोटाचा उंचवटा तेवढा कळत होता. माती पडायला लागली तशी तिनं वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे आली.

"रिपोर्ट आला काय?"

"नाई अजून, आई."

मी तिच्या कपाळाला ताप मोजायचं यंत्र लावलं. ताप नव्हता. वहीत तसं लिहिलं.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांच्या मोबाइलवर रिपोर्ट आला. त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि फोन माझ्यासमोर धरला. मंकीपॉक्स नाही. खाली दुसरी ओळ होती, कांजण्यांच्या विषाणूची, आणि त्यापुढं होकार.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग मीच म्हटलं, "सर, सोमवारी माझ्या हातून चुकलं नसतं, तर हा रिपोर्ट काल सकाळीच आला असता."

"त्यानं ती वाचली नसती," ते म्हणाले. "औषध तर आपण सुरू केलंच होतं. ते मनातून काढून टाका."

"वाचली नसती, सर. पण काल तिच्या आईला तिला हळद लावता आली असती."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचं तोंड पार उतरलेलं होतं, लहान मुलाचं उतरतं तसं. "मी काल रात्री वाचत होतो," ते म्हणाले. "ज्याला देवी होऊन गेली, त्याला मंकीपॉक्स सहसा होत नाही. एकाच कुळातले आजार आहेत, शरीर ओळखतं. आणि कांजण्या त्यांना होऊन गेल्या होत्या, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"म्हणजे काहीही निघालं असतं तरी त्यांना आत बसवता आलं असतं. पहिल्या दिवसापासून. अख्ख्या तालुक्यात त्या खोलीत बसायला सगळ्यात सुरक्षित माणूस त्याच होत्या. आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी पाहिलंही होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही."

माझ्याही आलं नव्हतं. सतरा वर्षं मी काचेवरचा ठिपका पाहून सांगते की आत काय आहे. त्या बाईचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

रिपोर्टची प्रत फाइलला लागली. जिल्ह्याला कळवलं गेलं, तिकडून हायसं वाटल्याचा निरोप आला. गावात जाऊन सांगा, असं कुणी कुणाला सांगितलं नाही. तशी पद्धतच नाही. मेलेल्या माणसाचा रिपोर्ट घरी नेऊन द्यायचा, हे कुठल्याच पानावर लिहिलेलं नव्हतं.

रविवारी मी माझ्या स्कूटीनं गेले. सकाळचे दहा वाजले असतील. अंगणात चटईवर मोहफुलं वाळत घातली होती, त्यांचा गोड, जड वास सगळीकडे भरला होता. ती एकटीच होती. जावई परत कामाला गेला होता, मालक हिशेब अडवून बसेल म्हणून. मोठा मुलगा जंगलात होता. तिनं मला खाट दिली, पाणी दिलं. मी जमिनीवरच बसले.

"रिपोर्ट आला, आई," मी म्हणाले. "कांजण्या होत्या."

"मी सांगतलं होतं न, बाई," ती म्हणाली. त्या बोलण्यात राग असता तर मला बरं झालं असतं.

मग मी तिला सगळं सांगितलं. गुलाबी पाणी, तिसरं पान, नागपूरहून परत आलेली पेटी. पुण्यावाल्यांनी दुसरं सॅम्पल मागितलंच नव्हतं, मी खोटं बोलले होते. आणि डॉक्टर म्हणाले ते, की तिला आत बसवायला काहीच हरकत नव्हती. सांगताना मी तिच्याकडे पाहिलं नाही, मोहफुलांकडे पाहत होते.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी सोमवारीच तिच्यापाशी बसली असती."

"हाव."

"मंगळवारी रातभर ती मले बलावत होती. मी काचेतून म्हणत होती, येतो, आत्ता येतो. तिले वाटलं असन का माय येत नाई."

तिनं चटईवरची फुलं हातानं पसरवली, पुन्हा गोळा केली. मग विचारलं, "तिचं जे पुण्याले नेलं न, खपली अन् काय काय, ते वापस देते काय?"

"नाई, आई. तपासलं की जाळून टाकते."

"अन् त्या गुलाबी पाण्यातलं?"

"तेबी."

"मले वाटलं, तेवढं तरी हाती येईन," ती म्हणाली. "हळद लावून पुरलं असतं."

तेव्हा मी रडले. तिच्या अंगणात, तिच्यासमोर, मला तो हक्क नसताना. ती नाही रडली. तिनं माझी समजूतही घातली नाही आणि मला जा असंही म्हटलं नाही. थोड्या वेळानं उठून तिनं शेळीला पाला टाकला. मी जोहार करून निघाले. ती पाठमोरीच होती.

त्यानंतर मी त्या गावी गेले नाही. डॉक्टरांची वर्षभरानं बदली झाली. जायच्या आधी त्यांनी टोकाच्या खोलीच्या खिडकीच्या काचा खरवडून साफ करून घेतल्या. पुरळ आलेला रुग्ण आला, की सोबतच्या माणसाला काय काय होऊन गेलं आहे, ते आता आधी विचारायचं, असं त्यांनी सिस्टरांना समजावून ठेवलं आहे. ते विचारलं जातं. मी स्वतः जाऊन पाहते.

पुढच्या वर्षी श्रावणात ती बाई ओपीडीत आली. अंगात हीव भरलेलं, डोळे लाल. माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसली आणि बोट पुढं केलं. मी सुई टोचली, थेंब घेतला. ओळख दाखवली नाही, तिनंही नाही आणि मीही नाही. स्लाइड वाळेपर्यंत ती भिंतीला टेकून डोळे मिटून होती. मलेरिया निघाला, वाईट जातीचा. भरती करावं लागणार होतं.

मी वॉर्डात जाऊन तिला रिपोर्ट सांगितला. सिस्टर सलाइन लावत होत्या. त्यांनी विचारलं, "सोबत कोण आहे?"

"कोणीच नाई," ती म्हणाली. "पोरगा धानाच्या रोवण्याले गेला."

प्रयोगशाळेत अजून स्लाइडी पडल्या होत्या. मी सिस्टरांना म्हटलं, घंटाभर मी इथंच आहे. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि तिच्या खाटेशी बसले. तिला थंडी वाजत होती, मी ब्लँकेट पायापर्यंत ओढलं. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे वळवलं. पण नको म्हणाली नाही. मी बसून राहिले.